उंदराची हालचाल आणि अंगसफाई: व्याख्या कशी करावी, नोंद कशी घ्यावी

उंदराच्या वर्तनाची नोंद घ्यायला बसणाऱ्याने सुरुवातीलाच एक नियम स्वतःला घालून घ्यावा. शरीराने काय केले ते वहीत लिहायचे, मनात काय असावे ते लिहायचे नाही. नाशिकमधल्या एखाद्या फार्मसी महाविद्यालयातील विद्यार्थिनी पिंजऱ्याकडे पाहून “मॅडम, हा घाबरलाय” असे म्हणते, तेव्हा तिला एवढेच विचारावे लागते, “घाबरलाय म्हणजे त्याने नेमकं काय केलं गं?” मग ती पुन्हा पाहते आणि सांगते की तो कोपऱ्यात बसला आहे, चारही पाय जमिनीला टेकलेले आहेत, मिशासुद्धा हलत नाहीत, फक्त बरगड्या श्वासाबरोबर वरखाली होत आहेत. हे दुसरे उत्तर नोंदीच्या कामाचे आहे, कारण शेजारी बसलेल्या निरीक्षकालाही तेच दिसू शकते आणि व्हिडिओ परत लावून ते तपासता येते. पहिले उत्तर हा निष्कर्ष आहे आणि त्याची जागा नोंदीनंतर येते.

वर्तनांच्या व्याख्यांची अशी यादी म्हणजे इथोग्रॅम किंवा वर्तनसूची. सूचीतील प्रत्येक वर्तनाबाबत ते कोणत्या हालचालीने सुरू झाले असे मानायचे, कोणत्या क्षणी संपले असे मानायचे, आणि किती वेळा घडले ते मोजायचे की किती सेकंद चालले ते मोजायचे, हे ठरलेले हवे. याशिवाय त्याच्यासारखे दिसणारे कोणते वर्तन त्यात धरायचे नाही, हेही लिहिलेले हवे. माझ्या मते ही शेवटची अट सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच बऱ्याचदा लिहायची राहून जाते. दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा कारण शोधायला गेल्यास ते बहुधा याच रिकाम्या जागेत सापडते.

पुढील व्याख्या विस्टार, स्प्रेग-डॉली अशा वाणांच्या, प्रयोगशाळेतील उंदरांना आणि घरी पाळलेल्या त्याच जातीच्या उंदरांना, म्हणजे रॅटस नॉर्व्हेजिकसला लागू आहेत. निफाड-लासलगाव भागातल्या कांदाचाळीत किंवा द्राक्षबागेच्या बांधावर दिसणाऱ्या घुशी वेगळ्या जातीच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही सूची जशीच्या तशी वापरू नये. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. रानातल्या किंवा गल्लीतल्या उंदरांचे निरीक्षण करायचेच असेल तर ते दुरून, कॅमेरा लावून करावे. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार त्यांच्या मूत्रातून पसरतात, म्हणून त्यांना हाताळू नये.

पाहण्याआधीची तयारी

उंदीर निशाचर आहे. दुपारी अकरा-बाराला ॲनिमल हाऊसमध्ये जाऊन नोंद घेतली तर बहुतेक वेळ झोपच वहीत उतरते. म्हणून १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे चक्र पाळावे आणि शक्य असल्यास ते उलटे करून उंदराची रात्र आपल्या कामाच्या वेळेत आणावी. अंधाराच्या काळात मंद लाल दिवा वापरता येतो, कारण लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश उंदराला फारच कमी जाणवतो. मात्र वीज गेल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून खोलीत शिरणे म्हणजे त्याच्या मध्यरात्री ऊन पाडण्यासारखे आहे. असे घडले तर त्या दिवशीची नोंद बाजूला ठेवावी.

उंदराला आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडचे, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचे आवाजही ऐकू येतात. गणेशोत्सवातला नाशिक ढोल किंवा रंगपंचमीच्या रहाडीवरची (रंगीत पाण्याच्या हौदावरची) गर्दी भिंतीपलीकडे असेल, तर ते आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण ट्यूबलाइटचा चोक, संगणकाचा पडदा, गळका नळ यांतून निघणारे बारीक आवाज आपल्या लक्षातही येत नाहीत आणि उंदराचे वर्तन मात्र बदलू शकते. तापमान आणि आर्द्रता रोज लिहावी. उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे फार उकडू लागले की तो अंगाला लाळ फासतो आणि ती वाळताना शरीर थंड होते. एप्रिल-मे महिन्यांत कूलर नसलेल्या खोलीत चाटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तर औषधाचा परिणाम असे लिहिण्यापूर्वी तापमानाचा रकाना पाहावा. निफाडच्या बाजूला थंडीत पारा खूप खाली येतो, तेव्हा उंदीर एकमेकांना चिकटून पडून राहतात. तेही खोलीच्या तापमानाशी ताडून पाहायला हवे.

महाविद्यालयात औषध देऊन प्रयोग करायचा असेल, तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे प्रयोगविषयक नियम याला आधार आहेत.

जागा बदलणारी हालचाल

चालणे ही सर्वांत सोपी गोष्ट वाटते आणि सर्वाधिक वाद तिथेच होतात. उंदराने डोके वळवले, पुढचा एक पंजा उचलून ठेवला, धड थोडे लांबवले, पण मागचे पाय जागचे हलले नाहीत, तर ते चालणे आहे का? मी ते धरत नाही. माझ्या सूचीतील व्याख्या अशी आहे: “मागच्या दोन्ही पायांनी किमान एकेक पाऊल टाकले आणि धड नव्या जागी गेले, तर चालणे सुरू झाले, चारही पाय एक सेकंद स्थिर राहिले, तर ते संपले.” एक सेकंदाऐवजी दुसरी मर्यादा ठरवायला हरकत नाही. ती लेखी असावी आणि सर्व उंदरांसाठी एकच असावी.

मोकळ्या चौकटीत, म्हणजे ओपन फील्डमध्ये, जमिनीवर आखलेल्या रेषा ओलांडण्याची संख्या मोजतात. ही चाचणी कॅल्विन हॉल यांनी १९३४ साली मांडली. इथेही चारही पाय रेषेपलीकडे गेल्यावरच एक ओलांडणे धरावे, नाही तर रेषेवर बसून मान पुढे-मागे करणारा उंदीर कागदावर मैलभर चाललेला दिसतो. धावण्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा असेल, तर मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र उचलून टाकलेली झेप ही खूण घ्यावी, कारण नुसत्या डोळ्यांना वेगाचा अंदाज नीट येत नाही.

चालण्याची जागाही लिहावी. अनोळखी चौकटीत उंदीर भिंतीला मिशा घासत कडेकडेने फिरतो आणि मध्यभागी क्वचित येतो. भिंतीपासून किती सेंटिमीटरचा पट्टा ‘कड’ मानायचा हे आधी आखून घ्यावे. थोड्या वेळाने एक वेगळीच रचना दिसू लागते. तो एखादी जागा, बहुधा एखादा कोपरा, आपलासा करतो, पुन्हा पुन्हा तिथे येतो, सर्वांत जास्त वेळ तिथेच काढतो आणि अंगसफाईही बरीचशी तिथेच करतो. आइलाम आणि गोलानी यांनी १९८९ साली या जागेचे वर्णन ‘होम बेस’ असे केले. तिथून बाहेर जाताना उंदीर थांबत थांबत जातो आणि परत येताना सहसा अधिक वेगाने येतो. नुसते एकूण अंतर मोजणाऱ्या वहीत यातले काहीच उतरत नाही, म्हणून चौकटीचा लहानसा नकाशा काढून थांबण्याच्या जागांवर खुणा करण्याची सवय मी विद्यार्थ्यांना आवर्जून लावते.

गोल फिरण्याची नोंद वेगळी असते. त्याच जागी ३६० अंशांचा पूर्ण फेरा झाला तरच एक फेरा मोजावा आणि दिशा डावी की उजवी ते लिहावे. डोपामाइन हे मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे. मेंदूच्या एका बाजूची डोपामाइन यंत्रणा नष्ट केलेल्या उंदरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक औषध दिल्यावर फेरे इजा झालेल्या बाजूकडे पडतात आणि अपोमॉर्फिन हे डोपामाइनसारखे काम करणारे औषध दिल्यावर विरुद्ध बाजूकडे. दिशेचा रकाना रिकामा राहिला तर या प्रयोगातून हाती काहीच लागत नाही.

आणखी एक इशारा इथेच देऊन ठेवते. ॲम्फेटामाइनच्या मोठ्या मात्रेनंतर रेषा ओलांडण्याची संख्या घटते. फक्त तो आकडा पाहणारा विद्यार्थी ‘उंदीर सुस्तावला’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात उंदीर एकाच जागी खिळून अखंड हुंगत, चाटत, कुरतडत असतो. म्हणून फक्त चालणे मोजणारी सूची अपुरी असते. तो चालत नव्हता तेव्हा काय करत होता, यासाठी रकाना हवाच.

उभे राहणे, हुंगणे, ताणून पाहणे, थिजणे

मागच्या पायांवर उभे राहणे, म्हणजे रिअरिंग, याची व्याख्या अशी करता येते: “पुढचे दोन्ही पंजे जमिनीवरून उचललेले आहेत, धड वर ताठ झाले आहे आणि पुढचे पंजे तोंडाजवळ काम करत नाहीत.” शेवटचा भाग अंगसफाईसाठी किंवा दाणा धरून खाण्यासाठी बसलेल्या उंदराला वगळतो. ढुंगण टेकलेले आहे की उचललेले, यावरही फरक ओळखता येतो. भिंतीला पंजे टेकवून उभे राहणे आणि कशाचाही आधार न घेता उभे राहणे हे दोन प्रकार वेगळे मोजावेत, कारण ताण आणि परिचय यांनुसार ते वेगवेगळे बदलतात. पंजे खाली टेकले की एक वेळ पूर्ण झाली.

हुंगताना नाकाचे टोक आणि मिशा एका तालात, सेकंदाला साधारण ५ ते १० वेळा हलतात. हुंगणे चालताना, उभे असताना, थांबलेले असतानाही चालूच असते. त्यामुळे ‘जागच्या जागी हुंगणे’ एवढेच स्वतंत्र वर्तन धरावे, नाहीतर दोन रकान्यांत एकच वेळ दोनदा मोजला जातो.

ताणून पाहण्याच्या अवस्थेत मागचे पाय जागेवर रोवलेले असतात, पाठ लांब आणि सपाट होते, डोके खाली घालून पुढे काढलेले असते, आणि बऱ्याचदा उंदीर पुढे न जाता पुन्हा मागे आखडतो. संभाव्य धोक्याचा अंदाज घेताना हे दिसते. घाईत पाहणाऱ्याला ते चालणे वाटते. मागच्या पायांवर नजर ठेवली की घोटाळा होत नाही.

थिजणे म्हणजे श्वासाखेरीज कोणतीही हालचाल नसणे, आणि मिशांचाही त्यात समावेश आहे. किमान मुदत एक किंवा दोन सेकंद ठेवतात. झोपलेल्या उंदराचे अंग सैल पडलेले असते, तो कुशीवर किंवा गुंडाळून पडतो. थिजलेल्या उंदराचे स्नायू ताठ असतात, डोळे उघडे असतात आणि हालचाल अर्ध्यावर थांबलेली असल्यामुळे कधी एक पंजा अधांतरी राहिलेला दिसतो. शांतपणे बसून, डोके हळूहळू हलवत असलेला उंदीर यांपैकी कशातच बसत नाही. त्याच्यासाठी ‘जागा (झोपलेला नाही), स्थिर’ असा रकाना ठेवावा.

अंगसफाई

उंदीर जागेपणीचा मोठा वेळ स्वतःचे अंग स्वच्छ करण्यात घालवतो आणि या कामाला जी अंतर्गत शिस्त आहे ती एकदा नीट पाहिली की विसरता येत नाही. ती नुसत्या डोळ्यांना पकडता येत नाही, कारण पंजांचे फटकारे फार वेगवान असतात. मोबाइलच्या स्लो मोशनवर, सेकंदाला १२० फ्रेम घेऊन, कॅमेरा उंदराच्या उंचीवर समोरून किंवा बाजूने लावावा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यातून चेहरा दिसतच नाही. एकच कॅमेरा असेल तर पिंजऱ्याच्या मागे आरसा ठेवावा, म्हणजे उंदराने पाठ फिरवली तरी पंजे दिसत राहतात.

आता एक पूर्ण साखळी सावकाश पाहू. उंदीर ढुंगणावर बसतो, पाठीचा कणा कमानीसारखा वळतो आणि पंजे तोंडाशी येतात. पहिल्या टप्प्यात दोन्ही पंजे नाकाभोवती छोटी, घट्ट लंबवर्तुळे काढतात. सेकंदाला ६ ते ७ या वेगाने असे ५ ते ९ फटकारे होतात आणि सुमारे एका सेकंदात हा टप्पा संपतो. दुसरा टप्पा पाव सेकंदाचा असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. त्यात एका पंजाचा फटकारा दुसऱ्यापेक्षा मोठा होतो आणि मिशांच्या बाजूने डोळ्याच्या दिशेने वर जातो. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही पंजे एकत्र, मोठ्या वळणाने डोक्यावर जातात आणि कानांच्या मागून पुढे ओढले जातात. कान मुडपून पुन्हा उभा राहताना दिसतो, ती याची हमखास खूण. हे दोन-तीन सेकंद चालते. चौथ्या टप्प्यात पंजे तोंडापासून सुटतात, मान आणि धड एका बाजूला वळते आणि कुशीचे केस चाटणे सुरू होते.

केंट बेरिज आणि जॉन फेंट्रेस यांच्या अभ्यासांतून ही चार टप्प्यांची साखळी स्पष्ट झाली. एकदा पहिला टप्पा नीट सुरू झाला की पुढचे टप्पे याच क्रमाने येण्याची शक्यता फार मोठी असते. मेंदूतील स्ट्रायटम या भागाला विशिष्ट ठिकाणी इजा झाल्यास उंदीर प्रत्येक फटकारा मारू शकतो, पण साखळी क्रमाने पूर्ण करण्याची क्षमता घटते. म्हणजे अशा उंदराची नोंद ‘अंगसफाई: अमुक सेकंद’ एवढीच घेतली, तर जो बदल शोधायचा होता तोच हातून जातो. अर्थात सगळी अंगसफाई अशा साखळीत होत नाही. तिचा बराच मोठा भाग सैल असतो, त्यात हालचाली मागेपुढे होतात, मध्येच थांबतात. वहीत साखळी आणि सैल सफाई असे दोन रकाने असावेत.

व्यापक दिशा मात्र दोन्हींत सारखी असते. पंजे चाटणे, मग नाक आणि चेहरा, मग डोके व कान, मग कुशी आणि पोट, नंतर मागचे पाय, गुप्तांग आणि शेवटी शेपूट. शेपूट दोन्ही पंजांत धरून मुळापासून टोकाकडे चाटली जाते. नोंदीसाठी प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. मग चेहऱ्यावरून एकदम शेपटीवर उडी, किंवा पोटावरून परत नाकाकडे येणे, अशी क्रम मोडणारी स्थित्यंतरे मोजता येतात. याचा उपयोग मोठा आहे, कारण अंगसफाई निवांत उंदरातही वाढते आणि ताणाखालीही वाढते. एकूण सेकंदांवरून या दोन्हींत फरक करता येत नाही. निवांत असताना सफाई लांब, सलग आणि डोक्याकडून शेपटीकडे जाणारी असते, तर अनोळखी जागेत किंवा हाताळल्यानंतर ती छोट्या तुकड्यांत, वारंवार खंडित आणि क्रम मोडलेली असण्याकडे कल असतो. अंगसफाई म्हणजे चिंता हे समीकरण मांडणाऱ्याने आधी हे तुकडे आणि क्रम दाखवावेत, अशी माझी ठाम अपेक्षा असते.

एक सत्र कुठे संपते हेही ठरवून ठेवावे. माझ्याकडे नियम असा आहे की तीन सेकंदांपेक्षा कमी विराम असेल तर सत्र तेच चालू आहे, आणि विरामात उंदीर चालू लागला तर विराम कितीही छोटा असला तरी सत्र संपले.

खाजवणे अंगसफाईत धरावे की नाही, यावर मते वेगळी आहेत. मी ते स्वतंत्र ठेवते. मागचा पाय उचलून मान, कान किंवा कुशीवर वेगाने घासणे आणि पाय जमिनीवर टेकणे किंवा तोंडाकडे नेऊन नखे चाटणे, एवढे झाले की एक खाजवणे पूर्ण. मानेभोवती ते फार वाढले, केस गेले किंवा खपल्या दिसल्या तर उवा-गोचिडींसारखे परजीवी आहेत का ते आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. ओल्या कुत्र्यासारखे अख्खे अंग झटकणे हेही वेगळे वर्तन आहे. ते अर्ध्या सेकंदात संपते, म्हणून त्याची फक्त संख्या मोजावी. याउलट अंगसफाई अगदी कमी होणे, केस विस्कटलेले राहणे आणि डोळ्या-नाकाभोवती लालसर डाग साचणे या खुणा आजाराच्या किंवा ताणाच्या असू शकतात. तो लाल द्रव रक्त नसून डोळ्यांमागच्या ग्रंथीचा, पॉर्फिरीन या लालसर रंगद्रव्याचा स्राव असतो. घरी उंदीर पाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दोन उंदीर एकत्र असताना

एकाने दुसऱ्याचे केस, बहुधा मान आणि डोके, चाटणे किंवा दातांनी हळुवार विंचरणे ही परस्पर सफाई. लहान उंदरांच्या खेळातही मानेलाच लक्ष्य केले जाते, पण तिथे झेप, पळ आणि एकाला उताणे पाडून दुसऱ्याने वर उभे राहणे असते. गंभीर भांडणात चावे पाठीच्या मागच्या भागावर आणि ढुंगणावर बसतात, अंगावरचे केस फुलतात. म्हणून कोणी कोणाच्या कोणत्या भागाला तोंड लावले, हे लिहिणे पुरेसे ठरते. ‘खेळ’ की ‘भांडण’ हा निर्णय नंतर घेता येतो. ओळख पटण्यासाठी शेपटीवर मार्करने पट्ट्या काढाव्यात आणि त्या फिक्या पडण्याआधी पुन्हा काढाव्यात.

नोंद आणि पडताळणी

जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिचा आधार आजही घेतला जातो. एकाच उंदरावर ठरावीक वेळ अखंड नजर ठेवणे, आणि ठरावीक अंतराने सगळ्या पिंजऱ्यांवर नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करत आहे ते टिपणे, या दोन पद्धती बहुतेक कामांना पुरतात. अंग झटकण्यासारखे क्षणिक वर्तन दुसऱ्या पद्धतीत निसटते, तेव्हा त्यासाठी पहिलीच वापरावी. व्हिडिओवरून नोंद घेण्यासाठी इटलीतील तुरिन विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेले बोरिस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात प्रत्येक वर्तनाला एक कळ नेमता येते. कोणत्या उंदराला औषध दिले आहे हे नोंद घेणाऱ्याला माहीत नसावे.

दोन निरीक्षकांनी एकच व्हिडिओ स्वतंत्रपणे नोंदवून तुलना करावी, पण नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. समजा १०० क्षणांपैकी दोघांनीही ९० क्षण ‘स्थिर’ आणि १० क्षण ‘अंगसफाई’ असे लिहिले आणि एकूण ९० क्षणांवर त्यांचे मत जुळले. ९० टक्के हा आकडा भरघोस वाटतो. पण एवढ्या वेळा ‘स्थिर’ लिहिणाऱ्या दोघांचे मत निव्वळ योगायोगानेही ८२ क्षणांवर जुळले असते. जेकब कोहेन यांचा कापा हा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: ९० मधून ८२ गेले, उरले ८, त्याला १०० उणे ८२, म्हणजे १८ ने भागले की ०.४४ येतो. ही जुळणी मध्यमच आहे आणि अशा वेळी दोघांनी एकत्र बसून, मत न जुळलेले दहा क्षण पुन्हा पाहून व्याख्येतला कोणता शब्द मोघम राहिला ते शोधावे.

व्याख्या दुरुस्त झाली की आधी नोंदवलेले सर्व व्हिडिओ नव्या व्याख्येने पुन्हा नोंदवावे लागतात. कामाच्या मध्यावर आणि शेवटी पहिल्या आठवड्यातला एखादा व्हिडिओ परत नोंदवून पाहावा, कारण सरावाने नजर सरावते तशी ती नकळत सरकतेही. प्रबंधात ‘ग्रूमिंग मोजले’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक वर्तनाची पूर्ण व्याख्या, विरामाची मर्यादा, कॅमेऱ्याची जागा, दिव्याचा रंग आणि कापाची किंमत परिशिष्टात छापावी.